आज काय झाले, हे त्याला कळले पाहिजे

सिव्हिल लाइन्स, नागपूर

प्रिय बेटा,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग या पदावर निवड झाली असताना रुजू व्हावे की नाही, या विचारात तू अडकली आहेस. उत्तर नागपुरातल्या वस्तीत दर रविवारी तू चालवतेस ते मोफत कायदा सल्ल्याचे काम सोडावे लागेल, आणि न्यायाधीशाला लोकांत मिसळता येत नाही म्हणजे लोकांची सेवाही करता येत नाही, असे तुला कुणीतरी पटवून दिलेले दिसते. तीन वर्षे वकिली केलेल्या मुलीने हे पटवून घ्यावे, याचे मला आधी आश्चर्य वाटले आणि मग थोडा रागही आला. ज्या माणसांसाठी तू रविवारी वस्तीत बसतेस, तीच माणसे सोमवारी न्यायमंदिराच्या व्हरांड्यात उभी असतात. तिथे त्यांच्याकडे कोण बघणार?

न्यायाधीशाची समाजसेवा म्हटली की विधी साक्षरता शिबिर, वृक्षारोपण आणि शाळेतले भाषण एवढेच लोकांना आठवते. ते सगळे मीही केले आणि त्याला मी नावे ठेवणार नाही. पण माझे म्हणणे आयुष्यभर एकच राहिले आहे आणि तुला कंटाळा येईपर्यंत ते मी या पत्रात सांगणार आहे. कोर्टातून घरी परतणाऱ्या प्रत्येक पक्षकाराला आज आपल्या प्रकरणात काय झाले, हे कळलेले असले पाहिजे. निकाल बाजूने लागो की विरुद्ध, साक्ष होवो की नुसती तारीख पडो, त्याला ते कळले पाहिजे, आणि शक्यतो न्यायाधीशाच्या तोंडून, मराठीत कळले पाहिजे.

हे तुला किरकोळ वाटेल. मी तालुक्याच्या न्यायालयात न्यायाधीश म्हणून नवा असताना वाटणीच्या दाव्यातला एक शेतकरी प्रत्येक तारखेला बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी, संपेपर्यंत मागच्या बाकावर बसून राहायचा. त्याचा पुकारा सकाळीच होऊन गेलेला असे, वकिलाने मुदतीचा अर्ज दिलेला असे, समोरच्या वकिलाची हरकत नसे आणि रोजनाम्यात, म्हणजे प्रकरणाच्या रोजच्या नोंदीत, दोन ओळी लिहून कागद पुढे सरकलेला असे. एका संध्याकाळी त्याला शिपायाला विचारताना मी ऐकले, “भाऊ, आज माहं काय झालं?” शिपाई म्हणाला, “तारीख.” ऐन पेरणीच्या दिवसांत, बसभाडे खर्चून आलेल्या माणसाला मिळालेले ते पूर्ण उत्तर होते. दुसऱ्या दिवसापासून तारीख द्यायची झाली की मी पक्षकाराला पुढे बोलावू लागलो. कुणी मुदत मागितली, का मागितली, मी ती का दिली आणि पुढच्या वेळी त्याने काय घेऊन यायचे, हे त्याला सांगू लागलो. यातून एक गंमत झाली. अशिलासमोर कारण सांगायचे म्हटल्यावर मुदतीचे अर्जच कमी होऊ लागले. दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश १७ एका पक्षाला सुनावणीत तीनपेक्षा जास्त वेळा मुदत देऊ नये आणि कारण लेखी नोंदवावे, असे सांगतो. ते कारण रोजनाम्यात असतेच. ते ज्याच्यासाठी आहे त्याच्या कानापर्यंत तेवढे पोहोचत नाही.

आता मोबाइलवर पुढची तारीख दिसते, मग हे सांगायची गरज काय, असे तू म्हणशील. तारीख दिसते, हे खरे. आज काय झाले, हे दिसत नाही. आणि हा माझा एकट्याचा हट्ट आहे असेही समजू नकोस, कारण कायदाच तो धरतो. फौजदारी निकाल देताना त्याचे सार आरोपीला किंवा त्याच्या वकिलाला समजणाऱ्या भाषेत समजावून सांगावे, असे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५३ मध्ये होते आणि तिच्या जागी आलेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९२ मध्येही आहे. अटकेची कारणे अटक झालेल्या माणसाला सांगितली पाहिजेत, हे तर संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्येच आहे. पहिल्या रिमांडला, म्हणजे कोठडीच्या मागणीवरच्या सुनावणीला, आरोपी तुझ्यासमोर उभा राहील तेव्हा कागदावर ‘कारणे सांगितली’ असे लिहिलेले असेलच. तू कागद बाजूला ठेव आणि त्याला विचार, “तुला कशासाठी आणले, सांग बरं.” १९९८ साली राज्य शासनाने जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवली, तरी ‘फॉर से’ (म्हणणे मांडण्यासाठी) आणि ‘फॉर ऑर्डर’ (आदेशासाठी) ऐकत किती पक्षकार घरी जातात, हे तू स्वतः पाहिले आहेस.

लोकअदालतीविषयी मात्र सविस्तर लिहितो, कारण तुझ्यासारख्या सेवाभावी लोकांचा सगळा ओढा तिकडे असतो आणि माझ्या मते धोकाही तिथेच जास्त आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, अंमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ पासून. लोकअदालतीत तडजोड झाली की निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ येते, भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्यावर अपील नसते. अपील नसणे हा तिचा मोठा गुण सांगितला जातो, पण जिला हे ठाऊक नाही तिच्या दृष्टीने तो गुण नाही. एकदा पॅनेलवर असताना अपघाती मृत्यूच्या नुकसानभरपाईचे प्रकरण माझ्यासमोर आले. विमा कंपनीने रक्कम मान्य केली होती, दोन्ही वकिलांच्या सह्या झाल्या होत्या, मृताच्या पत्नीचा अंगठा उमटला होता. मी तिला म्हणालो, “बाई, काय ठरलं ते तुमच्या शब्दांत सांगा.” ती म्हणाली, “आता थोडे भेटन, बाकीचे मंग भेटन.” बाकीचे कधीच मिळणार नव्हते. मी ते प्रकरण तडजोडीविना मूळ न्यायालयाकडे परत पाठवले. त्या दिवशीच्या आकड्यात एक प्रकरण कमी भरले आणि वकिलांनी तोंडे वाकडी केली. आजही तसेच करीन. तडजोड करणाऱ्याला तडजोड सांगता आली पाहिजे, नाही तर ती तडजोड नव्हे.

तुरुंगाचेही तेच. वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहात पाहणीला गेलो की जेवण, पाणी, दवाखाना ही चौकशी होई आणि ती व्हायलाच हवी. पण कच्च्या कैद्यांना, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही त्यांना, मी आधी विचारत असे की तुझे प्रकरण कुठल्या टप्प्यावर आहे. उत्तर क्वचितच मिळे. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हे विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे. त्याला तो मिळालेलाही असतो, पण त्या वकिलाचे नाव त्याला माहीत नसते. आता नव्या संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पूर्वी कधी शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ तुरुंगात काढला, तर त्याला जामिनावर सोडण्याची तरतूद आहे. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रकरणे प्रलंबित असलेले कैदी यांना ती लागू नाही. हे गणित त्या माणसाला आपल्या बोटांवर करता यावे इतके सोपे करून सांगणे, यापेक्षा मोठी समाजसेवा कोणती ते मला तूच सांग.

आपल्या नागपूरच्या न्यायपरंपरेचा अभिमान तुलाही आहे, म्हणून व्हिव्हियन बोस यांची आठवण देतो. ते इथल्या विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले आणि १९५१ ते १९५६ सर्वोच्च न्यायालयात होते. स्काउटच्या चळवळीतही ते मनापासून रमत. समाजसेवक न्यायाधीश म्हणून लोक त्यांच्या स्काउटिंगचे दाखले देतात. मी १९५६ च्या बिडी सप्लाय कंपनीच्या निकालाचा देतो. कलकत्त्याच्या त्या कंपनीचे प्राप्तिकराचे काम नोटीस न देता रांचीला हलवले गेले होते. बोस यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात लिहिले की संविधान केवळ सरकारांच्या सोयीसाठी नाही, ते गरीब आणि सामान्य माणसासाठीही आहे, आणि त्या माणसांत त्यांनी खाटीक आणि पाववाला यांनाही नावानिशी बसवले. न सांगता, न विचारता माणसाचा कागद इकडून तिकडे करू नये, हेच मी त्यातून शिकलो.

राहिला अलिप्ततेचा प्रश्न. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायिक जीवनाच्या मूल्यांचे जे निवेदन स्वीकारले, त्यात पदाला साजेशी अलिप्तता पाळावी आणि वकिलांशी, विशेषतः त्याच न्यायालयात काम करणाऱ्यांशी, जवळीक टाळावी असे आहे. ते वरिष्ठ न्यायपालिकेसाठी असले तरी तालुक्याच्या गावात त्याची गरज अधिक, कारण तिथे बाजारही एक आणि चहाची टपरीही एकच. तुझे रविवारचे काम तुला सोडावे लागेल. ते विश्वासू सहकाऱ्याकडे सोपव आणि ज्यांचे कागद तुझ्याकडे आहेत त्यांना तू स्वतः भेटून, आता कुणाकडे जायचे ते सांग. याची किंमत मोजावी लागत नाही असे मी म्हणणार नाही. माझ्या सर्वांत जवळच्या मित्राच्या मुलीच्या लग्नाला मी गेलो नाही, कारण त्याचा एक दावा माझ्याच न्यायालयात होता. दावा संपला, पण मैत्री पूर्ववत झाली नाही आणि तो आता हयात नाही. गल्लीतल्या गणपतीच्या वर्गणीपलीकडे मी कशात नव्हतो. लोक मला कोरडा म्हणत. म्हणोत. न्यायासनावर बसून मी रोज जितक्या लोकांशी बोललो, तितक्यांशी बोलणारा माणूस त्या गावात दुसरा नसेल.

तक्रारही तीच होती. निकाली प्रकरणांच्या युनिट्समध्ये, म्हणजे न्यायाधीशाचे काम मोजण्याच्या गुणांत, मी मागे पडत असे आणि एका वरिष्ठांनी मला ऐकवले होते की तुम्ही बोलता फार. काही काळ बढतीत मागे राहिलो, हे खरे आहे. पण त्या वरिष्ठांना मोजता येत नव्हते ते मला दिसत होते. ज्याला हरण्याचे कारण समजले आहे असा पक्षकार विनाकारण अपिलात जात नाही, आणि जे अपील झालेच नाही त्याचे युनिट कुणाच्याच खात्यात जमा होत नाही. हे मी तेव्हाही म्हणालो होतो. माझे म्हणणे मान्य झाले नाही म्हणून ते चूक ठरत नाही.

तेव्हा रुजू हो. उत्तनच्या न्यायिक अकादमीत निकालपत्र कसे लिहावे ते शिकवतील, ते मन लावून शीक. पहिल्या नेमणुकीवर गेलीस की शिरस्तेदारांकडून, म्हणजे न्यायालयाच्या कार्यालयप्रमुखांकडून, सर्वांत जुनी प्रकरणे काढून घे आणि त्यांतल्या पक्षकारांना एकेक करून पुढे बोलाव. वकील संघ तुझा सत्कार ठेवणार आहे असे कळले. तू अजून वकील आहेस, तेव्हा अवश्य जा. अध्यक्षस्थानासाठी त्यांनी मला विचारले होते आणि मी नकार दिला आहे. निवृत्त माणसाला आता कसली बंधने, असे ते म्हणाले. पण माझा पुतण्या त्याच न्यायालयात वकिली करतो आणि मला ते बरे वाटत नाही. तू त्याआधी एखाद्या संध्याकाळी घरी ये, काकू वाट पाहते आहे.

तुझा शुभचिंतक,
काका