लिंकनच्या शेजारी डग्लस लिही

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले वहीचे फोटो पाहिले. अमेरिकेच्या इतिहासातली चाळीस नावं, प्रत्येकासमोर जन्म-मृत्यूचं साल आणि एकेक ओळ. मेहनत दिसते, पण मला काळजी वाटली, म्हणून लगेच लिहायला बसलो. स्पर्धा परीक्षेत इतिहास या वैकल्पिक विषयाच्या पेपरात वर्णनात्मक उत्तरं लिहायची असतात, आणि एका ओळीवर उत्तर उभं राहत नाही. शिवाय अशी सुटी-सुटी पाठ केलेली माणसं ऐन वेळी आठवत नाहीत.

चाळीसची पंधरा कर. मात्र प्रत्येकाशेजारी त्याच्याशी भांडलेला किंवा त्याला पुढे रेटणारा माणूस लिही. अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री हॅमिल्टन, त्याचंच बघ. राज्यांची युद्धकर्जं केंद्राने उचलावीत, राष्ट्रीय बँक काढावी, हा त्याचा आग्रह; बँक काढायचा अधिकार घटनेत कुठे दिलाय, हा तेव्हाचा परराष्ट्रमंत्री जेफरसनचा सवाल. दोघांना समोरासमोर बसवलंस की तिथे वेगवेगळे राजकीय पक्ष कशावरून तयार झाले ते कळतं. आणि हाच जेफरसन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १८०३ मध्ये दीड कोटी डॉलरला फ्रान्सकडून लुइझियाना हा प्रदेश विकत घेतो, ज्याची घटनेत स्पष्ट तरतूद नव्हती! त्याच वर्षी सरन्यायाधीश जॉन मार्शल मार्बरी खटल्यात न्यायालयीन पुनर्विलोकनाचा, म्हणजे घटनेविरुद्धचा कायदा रद्द ठरवण्याच्या न्यायालयाच्या अधिकाराचा, पाया घालतो. मार्शल तुझ्या यादीत नाहीच. आधी तो घाल.

आता लिंकन. अभ्यासक्रमात गुलामगिरीच्या उच्चाटनासोबत त्याचंच नाव छापलंय, म्हणून सगळे त्याच्यावरच लिहितात. १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा नीट वाच. तो फक्त यादवी युद्धात केंद्रातून फुटलेल्या बंडखोर प्रदेशांना लागू होता. केंद्राशी एकनिष्ठ राहिलेल्या केंटकी, मेरीलँडमधले गुलाम त्यात नव्हते. देशभर गुलामगिरी संपली ती डिसेंबर १८६५ मधल्या तेराव्या घटनादुरुस्तीने, आणि तोवर लिंकनची हत्या होऊन आठ महिने झाले होते.

या सगळ्या काळात लिंकनवर बाहेरून दबाव आणणारा माणूस म्हणजे फ्रेडरिक डग्लस. मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मला, स्वतःची जन्मतारीखही त्याला ठाऊक नव्हती. बाल्टिमोरला मालकीणबाईंनी मुळाक्षरं शिकवायला घेतली, तर नवऱ्याने थांबवलं: शिकला तर गुलाम म्हणून राहणार नाही. मुलाने ते ऐकलं आणि सुटकेची वाट कुठली ते ओळखलं. मग घरातली पाव-भाकरी खिशात घालून तो रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना द्यायचा आणि बदल्यात त्यांच्याकडून वाचायला शिकायचा. १८३८ मध्ये खलाशाच्या वेशात, दुसऱ्याची कागदपत्रं घेऊन तो रेल्वेने पळाला. पुढे वृत्तपत्र काढलं. युद्धात कृष्णवर्णीयांना सैन्यात घ्या म्हणून सरकारच्या मागे लागला आणि स्वतःची मुलंही लढायला पाठवली. मला तरी त्याच्याइतका जवळचा वाटणारा माणूस त्या इतिहासात दुसरा नाही.

१८४८ च्या सेनेका फॉल्स इथल्या स्त्री-हक्क परिषदेत एलिझाबेथ कॅडी स्टँटन यांनी स्त्रियांच्या मताधिकाराचा ठराव मांडला, तेव्हा त्याच्या बाजूने उभा राहिला तोही डग्लसच. स्त्रियांवरचं उत्तर इथूनच सुरू कर आणि स्त्रियांना मताधिकार देणाऱ्या १९२० च्या एकोणिसाव्या घटनादुरुस्तीपर्यंत ने.

विसाव्या शतकात मार्टिन ल्यूथर किंगवर पानभर लिहिशील. त्यात जो अ‍ॅन रॉबिन्सनला दोन ओळी दे. बसमधली जागा गोऱ्या प्रवाशाला द्यायला नकार दिला म्हणून १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंना अटक झाली, त्या रात्री अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या या बाईंनी बसवर बहिष्काराची हजारो पत्रकं चक्रमुद्रण यंत्रावर काढली. किंग यांच्याकडे नेतृत्व त्यानंतर आलं.

आणि जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' काढून अर्पणपत्रिका वाच. १८७३ मध्ये पुण्यातला माणूस आपलं पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण करतो. ते पान वाचल्यावर हा विषय तुला परक्या देशाचा वाटणार नाही.

रविवारपर्यंत लिंकनवरचं उत्तर हाताने लिहून, फोटो काढून पाठव. दीडशे शब्द, वेळ लावून. डग्लसचं नाव पहिल्या परिच्छेदात दिसलं पाहिजे.

तुझे,
सर