वाचक विचारतात : अमृता शेरगिल यांची घडण

प्रश्न : अमृता शेरगिल यांचे ‘हळद दळणाऱ्या बायका’ हे चित्र एका पुस्तकात पाहिले. हळदीच्या पेठेत वाढल्यामुळे असेल, पण ते मनात राहिले. आई हंगेरियन, शिक्षण पॅरिसचे. मग या चित्रात भारतीय किती आणि युरोपीय किती?
– एक कलाशिक्षिका, सांगली

उत्तर : अशी वाटणी करण्यापेक्षा कोणता संस्कार केव्हा झाला, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. अमृता यांचा जन्म १९१३ साली बुडापेस्ट येथे झाला आणि १९२१ साली हे कुटुंब सिमल्यास आले. तेथे त्यांचे मामा एर्विन बाक्ताय यांनी, समोर बसलेल्या जिवंत माणसावरून चित्र काढण्याचा आग्रह धरला. पॅरिसचा उल्लेख सगळेच करतात, या मामांचा मात्र क्वचितच होतो, आणि ते आम्हांस अन्यायाचे वाटते.

१९२९ पासून पॅरिसमध्ये लुसियाँ सिमोन यांच्या हाताखाली त्यांनी तैलरंगाचे रीतसर शिक्षण घेतले. सेझान आणि गोगँ या फ्रेंच चित्रकारांपैकी पहिल्याकडून आकारांचा भरीवपणा आणि दुसऱ्याकडून सपाट, सलग रंगक्षेत्रे त्यांनी उचलली. १९३४ अखेर त्या भारतात परतल्या आणि पुढच्याच वर्षी ‘तीन मुली’ हे चित्र झाले. त्यातील मुली येथल्या असल्या, तरी आकार सोपे करण्याची रीत अजून गोगँचीच आहे. खरा पालट अजिंठ्याच्या प्रवासाने घडवला. आधुनिक युरोपीय कलेमुळेच आपल्याला भारतीय चित्र-शिल्पांचे मर्म उमगले, असे त्यांनी स्वतः लिहिले होते. त्यामुळे पॅरिसमध्ये तयार झालेली नजर घेऊन त्या लेण्यांत शिरल्या, हे विसरता कामा नये. कोचीनच्या मट्टनचेरी राजवाड्यातील भित्तिचित्रेही त्यांनी याच प्रवासात पाहिली. ‘वधूशृंगार’ आणि ‘ब्रह्मचारी’ ही १९३७ ची चित्रे म्हणजे त्या प्रवासाचे फळ. विशेषतः ‘ब्रह्मचारी’मधील शांतपणे बसलेल्या आकृतींची रचना भित्तिचित्राच्या संथ लयीने चालते.

त्यानंतर मुघल आणि पहाडी (हिमालयाच्या पायथ्याच्या संस्थानांतील) लघुचित्रांकडे, म्हणजे लहान आकाराच्या बारीक कामाच्या चित्रांकडे, त्यांचा ओढा वाढला. आपण पाहिलेले चित्र या शेवटच्या टप्प्यातले, म्हणजे १९४० चे असून, त्या वेळी त्या गोरखपूरजवळील सराया येथे राहत होत्या. त्यातील तेजस्वी रंगांच्या मागे लघुचित्रे आहेत, तर तैलरंगावरील हुकमत मात्र पॅरिसची आहे. पुढच्याच वर्षी, अवघ्या २८ व्या वर्षी, लाहोरला त्यांचे निधन झाले.

प्रश्न : त्यांची मूळ चित्रे कोठे पाहावयास मिळतील? जवळपास काही सोय आहे काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मूळ चित्रांचा सर्वांत मोठा संग्रह दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे. आपल्या जिल्ह्यात औंधचे श्री भवानी संग्रहालय आहे. तेथे शेरगिल यांच्या चित्रांची अपेक्षा ठेवू नये, परंतु राजा रविवर्म्यांची तैलचित्रे आणि लघुचित्रे एकाच फेरीत पाहता येतात. दिल्लीस जाण्यापूर्वी लघुचित्रांच्या दालनात थोडा अधिक वेळ काढावा.