तुला हव्या त्यांच्या रांगेत

प्रिय पोरा,

प्रभूच्या नावात सलाम.

आपल्या मेथडिस्ट चर्चच्या कराराच्या उपासनेत, जिथं सगळे मिळून स्वतःला नव्यानं देवाच्या हाती देतात, तू सगळ्यांबरोबर उभा राहिलास, पण ओठ मिटून राहिलास, आणि आता देवाशी नातं आपल्या खोलीतच ठेवायचं म्हणतोस. कमिटीतली भांडणं, मराठी उपासना किती वाजता नि कन्नड किती वाजता यावरून झालेली खडाजंगी, सगळं लिहिलंस. त्यातलं काही खोटं नाही. माझं सगळं आयुष्य त्यातच गेलंय.

पण तू अडलास कुठं ते बघ की. कराराच्या प्रार्थनेतलं 'मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव' हे तोंडातून फुटेना, कारण नोकरी सुटल्यापासून आपण बाजूलाच पडलोय असं तुला वाटतं. ते दुःख मी हलकं करत नाही. त्याआधीची ओळ मात्र तू ओलांडून गेलास: तुला हवं ते काम मला दे, तुला हव्या त्यांच्या रांगेत मला बसव. देवाला हव्या त्यांच्या, रे! तुझ्या पसंतीच्या माणसांच्या नव्हे. सगळ्यात जड ओळ ती आहे, आणि नेमकी तीच आपण गडबडीनं म्हणून टाकतो.

करार एकट्यानं होत नाही. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीनं पहिल्यांदा ही उपासना घेतली ती 11 ऑगस्ट 1755 ला, लंडनच्या स्पिटलफील्ड्समध्ये. आधी कित्येक सकाळी त्यानं करार म्हणजे काय ते समजावलं, शुक्रवारी बऱ्याच जणांनी उपास केला, आणि सोमवारी संध्याकाळी सुमारे 1800 माणसं एकत्र उभी राहिली. वाचलेले शब्दसुद्धा त्याचे स्वतःचे नव्हते. आधीच्या शतकातल्या रिचर्ड अॅलीन या प्युरिटन पाळकाचे होते. तुझ्या मनात भावना दाटली नाही म्हणून तू गप्प राहिलास. अरे, शब्द उसने, माणसं दुसऱ्यांची, मग भावना तेवढी स्वतःची आणि ताजी कशाला हवी? बायबलात यहोशवानं शखेमात विचारलं, तुम्ही कोणाची सेवा करणार, तेव्हाही उत्तर सगळ्या लोकांनी मिळून दिलं होतं.

1739 मध्येच वेस्लीनं लिहून ठेवलंय की ख्रिस्ताच्या सुवार्तेला समाजाबाहेरची पवित्रता ठाऊक नाही. आणि हे तो नुसतं लिहून थांबला नाही. 1742 मध्ये ब्रिस्टलच्या प्रार्थनागृहाचं कर्ज फेडायचं होतं. दर माणशी आठवड्याला एक पेनी ठरली. कोणी म्हणालं, गरिबांना परवडायची नाही. तेव्हा कॅप्टन फॉय म्हणाला, सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडं द्या, त्यांना जमलं नाही तर त्यांचेही मीच भरीन. पैसे गोळा करायला माणूस दर आठवड्याला दारात जाऊ लागला, आणि घरात कोण कसं जगतंय ते कळू लागलं. आपली क्लास मीटिंग, म्हणजे एकमेकांच्या आत्म्याची विचारपूस करणारा छोटा गट, जन्मली ती अशी, कर्जातून आणि दुसऱ्याच्या उंबऱ्यावर.

आमच्या गल्लीतही घरोघरची प्रार्थनासभा होती. शहापूरहून, अनगोळहून बाया चालत यायच्या. एकमेकींना थेट विचारायच्या, या आठवड्यात प्रभूबरोबर कसं चाललंय? खोटं बोलायची सोय नव्हती. पुढं कोणाची मुलं पुण्याला गेली, कोणाची बेंगळुरूला, कोणी देवाघरी गेलं, आणि ती सभा बंद पडली. आता पाळकसाहेब येतात, तब्येतीची चौकशी करतात, प्रार्थना करून जातात. माझ्या आत्म्याचं कसं चाललंय हे मला विचारणारं कोणी उरलेलं नाही, आणि ही रुखरुख जात नाही. तू मात्र विशीतच ही अवस्था आपण होऊन पत्करतोयस. राग येतो मला.

भांडण पेटलं तेव्हा मी चर्च सोडलं नाही म्हणून मला भित्री म्हणाले, दोन्हीकडच्यांनी म्हणाले. म्हणू देत. भांडणाला मी होकार दिला नव्हता. ज्या बाईनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं, तिच्या शेजारी गुडघे टेकून मी प्रभुभोजन घेत राहिले. तिची भाषा कन्नड, माझी मराठी, आणि भाकर एकच होती. 1956 पासून आपल्या भागात सीमेवरून काय काय झालं ते तुला सांगायला नको. पण वेदीपुढं ती रेघ ओढायला मी तयार नव्हते, अजून नाही. मी चुकले असं कोणी पटवून दिलेलं नाही.

आणि मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींचं काय? आपल्याच बेळगावात 1831 चा जन्म. विश्वास मनातच ठेवायचा तर त्यांना किती सोपं होतं! घर, जात, नातलग, काहीच सुटलं नसतं. तरी 1854 मध्ये त्यांनी उघड बाप्तिस्मा घेतला. खोलीतला विश्वास पुरत असता, तर एवढी किंमत कोण मोजेल?

करार एकट्यानं होत नाही, हे मी शंभरदा म्हणेन.

आता काम सांगते. पुन्हा करार करायला वर्षअखेरीच्या उपासनेची वाट बघू नकोस. वेस्लीनं तर ऑगस्टमध्ये केला. एमवायएफमधले, आपल्या चर्चच्या तरुण मंडळातले, चार जण गाठ. त्यातला एक कन्नड उपासनेला जाणारा हवा, आणि एक असा, ज्याचं तोंड बघायला तुला नको वाटतं. गुरुवारी संध्याकाळी माझ्याकडं या, खोली रिकामीच असते. आधी प्रत्येकानं आपला आठवडा सांगायचा, मग ती प्रार्थना, दोन्ही भाषांत. कन्नड मजकूर मी पाळकसाहेबांकडून आणून ठेवते. पहिल्यांदा विचारायची पाळी तुझी, आणि सुरुवात माझ्यापासून कर.

तुझी संडे स्कूलची बाई