शिवणक्लास बंद झाला, आता मशीनींचं काय करू?

प्रश्न : ताई नमस्कार, विश्रामबागेत माझा शिवणक्लास होता, गुडघ्यांमुळे बंद केला. घरात सासूबाईंची सिंगरची पायमशीन, एक ओव्हरलॉक (कापडाच्या कडा शिवायची मशीन), एक पिको-फॉलची मशीन, आरी वर्कची (हुकाच्या सुईने करतात त्या भरतकामाची) फ्रेम आणि लेस, मणी, रिळांची दोन पोती पडून आहेत. भंगारवाला किलोवर मागतोय. मुलगा म्हणतो ऑनलाइन लिलाव लाव, डबल येतील. खरंच येतात का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : येतात, पण सगळ्याचे नाही येत. लिलावाला तीच वस्तू हवी असणारी निदान दोन माणसं लागतात, एकटाच असला की तो सुरुवातीच्या भावात घेऊन जातो आणि आपण बघत बसतो. म्हणून माझं ऐकाल तर लिलावाला फक्त सिंगर लावा. ओव्हरलॉक, पिको या धंद्याच्या मशीनी, नव्याची किंमत दुकानात विचारली की कळते, त्यावर कोण कशाला चढाओढ करेल? तिथे सरळ भाव टाका, घासाघीस होणार हे धरूनच टाका, आणि गिऱ्हाईक आलं की कापड घालून चालवून दाखवा.

सिंगरचं वेगळं. कुणाला मशीन हवी असते, कुणाला नुसता खालचा लोखंडी स्टँड, वर फळी टाकून कॅफेत टेबल करतात (सासूबाईंना काय वाटेल ते सोडा). मशीनच्या पाट्यावर उजवीकडे नंबर कोरलेला असतो, १९०० नंतरच्या मशीनवर त्याच्या आधी इंग्रजी अक्षरं असतात, त्यावरून वर्ष सापडतं, तो नंबर जाहिरातीत टाकाच. आणि चकचकीत करायच्या नादात थिनर लावू नका हो, सोनेरी नक्षी निघून जाते आणि भाव तिथेच पडतो.

आपल्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो, मग बोली बोलतो. ऑनलाइन घेणाऱ्याला असं मोडून बघता येत नाही, ते काम तुमच्या फोटोंनी करायचं. हेड, म्हणजे स्टँडवरची मशीन, उलटं करून खालचा भाग, शटल, पायडलवरचा गंज, कुठे टवका उडाला असेल तर तोही जवळून, आणि टाके घालतानाचा छोटा व्हिडिओ. गंज लपवला तर मशीन दारात परत येते, वर भाडं कुणी द्यायचं यावरून भांडण.

ईबेची भारतातली साइट २०१८ मध्ये बंद झाली, ओएलएक्सवर बोली नसते, घासाघीस असते. त्यामुळे जुन्या वस्तूंच्या फेसबुक ग्रुपवर नाहीतर व्हॉट्सॲपवर आपणच लिलाव लावायचा, पण ग्रुप ॲडमिनला आधी विचारून. नियम वरच लिहा : सुरुवात कितीची, बोली निदान कितीने वाढवायची, कोणत्या भावाखाली देणार नाही, कधी बंद. रविवारी रात्री बंद होणारा ठेवा, तेव्हा लोक निवांत मोबाइल घेऊन बसलेले असतात. शेवटच्या मिनिटाला टपकणारे असतातच, म्हणून शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर वेळ पाच मिनिटं पुढे जाईल असंही लिहा. आणि भाच्याला खोट्या बोल्या लावायला बसवू नका, बोली त्याच्यावरच अडकली की मशीन तुमच्याच घरात आणि ग्रुपमध्ये नाव खराब.

पोती तशीच विकाल तर कवडीमोल जातील. मणी रंगावर, लेस मापावर वेगळी करून छोटे गठ्ठे करा, आरी शिकणाऱ्या मुली हौसेने नेतात. फ्रेम त्यांच्यातच खपेल.

प्रश्न : पुण्याचा माणूस बोली जिंकला, तर पाठवायची कशी?

उत्तर : पट्टा काढायचा, मागच्या बिजागऱ्यांचे दोन स्क्रू सैल केले की हेड वर उचलून निघतं. सुई, बॉबिन केस काढून वेगळ्या पिशवीत, चाक हलणार नाही असं बांधायचं, मग जाड गोधडी आणि लाकडी खोका. स्पीड पोस्टाने ३५ किलोपर्यंत जातं, त्यात हेड आरामात बसतं. स्टँड मात्र ट्रान्सपोर्टनेच. भाडं घेणाऱ्याचं, हे लिलावाआधीच ठरवा.

प्रश्न : पैशाला कुणी फसवलं तर?

उत्तर : एकच लक्षात ठेवा, पैसे घेताना क्यूआर स्कॅन करायचा नसतो आणि यूपीआय पिन टाकायचा नसतो, पिन पैसे देताना किंवा बॅलन्स बघताना लागतो, घेताना कधीच नाही. 'मी मिलिटरीत आहे, बघायला येता येत नाही, कोड पाठवतो तो स्कॅन करा' असा फोन आला की ठेवून द्या. चुकून पैसे गेलेच तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावा. स्क्रीनशॉट आणि मेसेज कुणीही बनवतं, बँकेच्या ॲपमध्ये स्वतः बॅलन्स बघा, तोवर मशीन टेम्पोत चढवायची नाही, टेम्पोवाला कितीही हॉर्न वाजवू दे.