चकली उभट का दिसते? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी घरगुती फराळ बनवून विकते. भाच्याने वेबसाइट तयार करून दिली आणि पदार्थांचे फोटो ‘८०० बाय ८०० करून चढव’ असे सांगितले. मोबाइलवर काढलेले फोटो संगणकावर घेऊन रुंदी आणि उंची अशा दोन्ही चौकटींत मी ८०० हा आकडा भरला. पण आता सगळ्या चकल्या अंड्यासारख्या उभट दिसतात. काही फोटो तसेच्या तसे चढवले होते, ते उघडायला फार वेळ लागतो. माझे काय चुकले?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपण भरलेला आकडा बरोबर आहे. भाच्याने एका वाक्यात सांगितलेली कामे मात्र दोन होती, आणि त्यांतले पहिले राहून गेले. क्रॉप करणे म्हणजे फोटोचा नको असलेला भाग कापून टाकणे; रिसाइझ करणे म्हणजे काहीही न कापता तेच चित्र कमी किंवा जास्त पिक्सेलांत, म्हणजे चित्र ज्या बारीक रंगीत ठिपक्यांचे बनते त्यांत, पुन्हा मांडणे. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्यांना हा फरक चटकन कळेल. रांगोळीची एक बाजू पुसून टाकली तर ते क्रॉप, आणि तीच आख्खी रांगोळी कमी ठिपक्यांत बसवली तर ते रिसाइझ.

आडव्या धरलेल्या मोबाइलचा फोटो साधारणपणे ४००० पिक्सेल रुंद आणि ३००० पिक्सेल उंच असतो, म्हणजे त्याचे गुणोत्तर ४:३ असते. भाच्याने मागितलेला आकार चौरस आहे. दोन्ही चौकटींत ८०० भरल्यामुळे रुंदी पाच पटींनी कमी झाली, उंची मात्र पावणेचार पटींनीच. त्यामुळे चार बोटे रुंद आणि चार बोटे उंच असलेली चकली पडद्यावर तीन बोटे रुंद आणि चार बोटे उंच झाली. आधी मूळ फोटोतून ३००० बाय ३००० पिक्सेलांचा चौरस कापून घ्यावा आणि मग तो ८०० वर आणावा, म्हणजे चकली गोलच राहील. क्रॉप करताना १:१ हे गुणोत्तर आधीच ठरवून देता येते. चौरस मधोमधच कापला पाहिजे असे नाही. ताट डावीकडे असेल तर चौकट डावीकडे सरकवावी. गिम्प या मोफत प्रोग्राममध्ये रुंदी-उंचीच्या आकड्यांशेजारी साखळीचे चिन्ह असते. ती साखळी जोडलेली असली की एक आकडा बदलताच दुसरा त्याच प्रमाणात बदलतो. इतर प्रोग्रामांतही अशी सोय असते, आणि आपल्याकडून ती बंद झाली असावी.

आता वेळ लागण्याविषयी. ४००० बाय ३००० म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल, तर ८०० बाय ८०० म्हणजे ६ लाख ४० हजार, साधारण एकोणिसावा हिस्सा. वेबसाइटवर फोटोची जागा बोटभर असली, तरी तिथे मूळ फोटो ठेवला असेल तर पाहणाऱ्याच्या मोबाइलला तो पूर्णच उतरवून घ्यावा लागतो. ठाण्याहून लोकलने निघालेल्या गिऱ्हाइकाला मुलुंड आले तरी आपला अनारसा दिसत नाही, तो यामुळे. भाच्याने ८०० सांगितले तेही योग्यच आहे. पानावरची जागा ४०० पिक्सेलांची असेल, तरी हल्लीच्या मोबाइलचे पडदे दाट असतात आणि दुप्पट पिक्सेल दिले तर त्यांवर चित्र रेखीव दिसते.

फोटो साठवताना जेपीईजी किंवा त्याहून नवा वेबपी हा प्रकार निवडावा आणि गुणवत्तेचा आकडा ८० च्या आसपास ठेवावा. १९९२ साली प्रमाणित झालेला जेपीईजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलांचे तुकडे पाडून त्यांतला डोळ्याला सहसा न जाणवणारा बारकावा टाकून देतो. तोच आकडा ३० वर आणून पाहावा : अनारशावरची खसखस एकमेकींत मिसळून तिचा चिखल होतो आणि ताटलीच्या कडेला चौकोनी डाग उमटतात. शिवाय जेपीईजी उघडून, बदलून, पुन्हा साठवला की दर वेळी थोडा बारकावा जातो. म्हणून मूळ फोटो वेगळा जपून ठेवावा, त्याच्या प्रतीवर आधी क्रॉप, मग रिसाइझ करावे, लहान केल्याने चित्र किंचित मऊ वाटल्यास अगदी हलके शार्पन करावे आणि शेवटी एकदाच साठवावे. संगणकावर फोटो घेण्यासाठी व्हॉट्सॲप वापरत असाल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो वाटेतच लहान झालेला असतो.

आपण विचारले नाही, तरी एक गोष्ट सांगायला हवी. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ठिकाणाची नोंद चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश लिहिले जातात, आणि आपले फोटो घरातच काढलेले आहेत. साठवताना ही माहिती वगळण्याचा पर्याय मिळतो, तो न चुकता निवडावा.

प्रश्न : नेरुळच्या पाणथळीवर रोहितांचे (फ्लेमिंगोंचे) फोटो काढले, पण पक्षी फार लांब होते. त्यांतला एकच पक्षी कापून आमच्या सोसायटीच्या वेबसाइटच्या माथ्यावर मोठा करून लावला, तर तो धुरकट दिसतो. कोणता प्रोग्राम वापरावा?
— एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : प्रोग्राम बदलून उपयोग होणार नाही. कापल्यावर पक्ष्याच्या वाट्याला समजा ४०० पिक्सेल रुंदी उरली आणि आपण ती १६०० केली, तर मधले पिक्सेल संगणक शेजारच्या रंगांवरून अंदाजाने भरतो. तो नवी पिसे शोधून आणत नाही. काही नवे प्रोग्राम पिसे रेखाटूनही देतात, पण ती त्या पक्ष्याची नसतात, आणि पक्षिनिरीक्षणाच्या फोटोत मला ते पटत नाही. मोबाइलवर झूम करून काढलेल्या फोटोचेही पुष्कळदा हेच असते, कारण भिंगाच्या मर्यादेपलीकडचा झूम म्हणजे आतल्या आत केलेले क्रॉपच.

माथ्यावर एकटा पक्षी लावण्याऐवजी अख्खा थवा लावावा. त्या जागेचे गुणोत्तर सोसायटीची वेबसाइट सांभाळणाऱ्याला विचारून घ्यावे आणि त्या मापाची पट्टी स्वतःच कापून द्यावी. मोठा फोटो तसाच दिला तर बहुतेक वेबसाइट आपोआप मधला भाग ठेवून वरखालचे कापतात, आणि रोहिताचे पाय एवढे लांब की पहिली कात्री त्यांनाच लागते. पायांखाली पाण्यातल्या प्रतिबिंबापुरती जागा ठेवावी आणि थवा ज्या दिशेला पाहतो आहे त्या बाजूला थोडे मोकळे पाणी सोडावे.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या जुन्या सूचनापत्रकांचे स्कॅन ३०० डीपीआयचे (दर इंचात ३०० ठिपक्यांचे) आहेत. वेबसाइटसाठी ते ७२ डीपीआयचे करणे आवश्यक आहे का?
— एक वाचक, सीबीडी बेलापूर

उत्तर : नाही. फाइलमध्ये लिहिलेला डीपीआयचा आकडा छपाईसाठी असतो. ब्राउझर फक्त पिक्सेल मोजतो. ए-४ कागद ३०० डीपीआयने स्कॅन केला की २४८० बाय ३५०८ पिक्सेल मिळतात. केवळ आकडा ७२ केला आणि पिक्सेल तेवढेच ठेवले, तर पडद्यावर काहीही बदलत नाही. रुंदी सुमारे १२०० पिक्सेलांवर आणावी आणि अक्षरांभोवती जाळी धरू नये म्हणून पीएनजी प्रकारात साठवावे. सूचनेचा मजकूर मात्र चित्राखाली टंकून द्यावा, कारण दृष्टिहीन वाचकांचा स्क्रीन रीडर बहुधा चित्रातली अक्षरे वाचत नाही.