सरावात चालणारे हात लढतीत का थिजतात

तू लिहिलंस की स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, तुझ्यापेक्षा जड पोरांनाही तू झेलतोस, पण अमॅच्युअर एमएमएच्या (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं तो खेळ) लढतीत केजचं, म्हणजे जाळीच्या रिंगणाचं, दार लागलं की हात जड होतात, श्वास पुरत नाही, पहिला राउंड कसा गेला ते नंतर आठवतही नाही. ही भीती कायमची कशी घालवू, हा तुझा प्रश्न.

घालवायच्या मागे लागू नकोस. बॉक्सिंगमध्ये मी बरीच वर्षं पोरांच्या कॉर्नरला उभा राहिलोय. अजिबात न घाबरणारे फार थोडे भेटले, आणि जिंकून आलेले बहुतेक जण आधी ड्रेसिंग रूममध्ये घाबरलेलेच होते.

कॅनडाच्या जॉर्ज सेंट-पिएरकडे बघ. एमएमएच्या वेल्टरवेट या वजनगटातल्या सर्वांत थोर लढवय्यांत त्याचं नाव घेतात, आणि लढतीआधीची भीती आपल्याला नकोशी व्हायची, हे त्याने स्वतः उघडपणे सांगितलंय. 2004 मध्ये तो मॅट ह्यूजविरुद्ध पहिल्यांदा किताबासाठी उतरला. ह्यूज त्याचा आदर्श होता, त्याच्या नजरेला नजर देणंही याला जमेना. पहिला राउंड संपायला एक सेकंद उरला असताना तो आर्मबारमध्ये, म्हणजे कोपर उलटं ताणणाऱ्या पकडीत, सापडला आणि हरला. 2006 मध्ये त्याच ह्यूजला हरवून तो विजेता झाला, आणि एप्रिल 2007 मध्ये, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या मॅट सेराने त्याला पहिल्याच राउंडमध्ये आडवा केला. तो पराभव डोक्यातून जाईना. तेव्हा क्रीडा मानसशास्त्राचं काम करणाऱ्या ब्रायन केनच्या सल्ल्याने त्याने एका विटेवर सेराचं नाव लिहिलं आणि ती नदीत फेकली. एप्रिल 2008 मध्ये माँट्रियलला त्याने सेराला दुसऱ्या राउंडमध्ये हरवलं. भीती मात्र गेली नव्हती. डिसेंबर 2013 मध्ये, विजेता असतानाच, दडपणाला कंटाळून त्याने विजेत्याचा पट्टा सोडला. 2017 मध्ये परतला आणि मायकेल बिस्पिंगला हरवून मिडलवेट या वरच्या वजनगटाचा किताबही घेतला. म्हणजे एवढी मोठी कारकीर्द त्याने भीती सोबत ठेवूनच केली.

आता तुझ्या हातांबद्दल. अ‍ॅड्रेनलिन उसळलं की ठोके वाढतात, श्वास वरवर चालतो, मुठी नकळत आवळल्या जातात आणि आवळून आवळून मनगटापासून कोपरापर्यंत हात भरून येतो. इथवर सगळ्यांचं सारखंच. बिघडतं पुढे. ही लक्षणं जाणवली की तू ‘आज आपलं काही खरं नाही’ असा अर्थ काढतोस आणि लक्ष स्वतःच्या छातीकडे वळतं. समोरच्याचा खांदा हलला, कंबर खाली गेली, हे दिसतच नाही. ‘घाबरतोस कसला, मर्द ना तू?’ असं ओरडणाऱ्या कोचांचा मला म्हणूनच राग येतो. ते पोराचं लक्ष पुन्हा त्याच भीतीवर नेऊन ठेवतात.

म्हणून पहिली उसळी केजच्या बाहेरच येऊन जाऊ दे. वॉर्मअप चांगला घाम फुटेपर्यंत, पॅडवर दोन-तीनदा पूर्ण जोर लावून कर. मग खांदे सैल सोडून श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ दे, लांब आणि सावकाश. पहिल्या अर्ध्या मिनिटासाठी एकच काम ठरव, समज जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारून बाजूला सरकणं, आणि कॉर्नरमधून त्याच कामाचा एक शब्द ऐकू येऊ दे. जिंकायचंय वगैरे विचार तिथे नकोत. शिवाय ओळखीच्या पोरांशी कितीही स्पारिंग केलंस तरी ही भीती सरावात येतच नाही. दुसऱ्या जिममध्ये जा, अनोळखी माणसाशी, लोक बघत असताना खेळ.

तू कुस्तीतून आलायस, तर तुझ्याकडे एक गोष्ट आधीच आहे. हलगी वाजते, पैलवान अंगाला माती लावतो, शड्डू ठोकतो, सलामी देतो. लोकांना तो थाट वाटतो, पण त्या ठरलेल्या क्रमातून शरीराला कळतं की आता भिडायचंय. केजकडे येताना आपल्या पोरांचा हा क्रम सुटतो आणि ती दिव्यांकडे बघत उभी राहतात. शड्डू इथेही ठोक, कुणी अडवत नाही.

वजनाबद्दल तू एक अक्षर लिहिलं नाहीस, आणि मला खरी शंका तिथेच आहे. पॅरिसमध्ये 2024 ला विनेश फोगाट अंतिम फेरीच्या सकाळी 100 ग्रॅम जास्त भरली. रात्रभर घाम गाळला, केसही कापले, तरी काटा खाली आला नाही. अशा रात्रीचा हिशोब सगळे ग्रॅममध्ये करतात. पण पाणी तोडलेलं, झोप नाही, पोट रिकामं, अशा शरीरात मन चिडचिडं होतं आणि नेहमीची भीती दुप्पट वाटते. तुझे हात जड होण्यात याचा वाटा मोठा असू शकतो.

हरल्यानंतरच्या दिवसांचंही आधीच ठरवून ठेव: कोण सोबत असेल, फोन कोणाकडे राहील. 2015 मध्ये मेलबर्नला हॉली होमकडून हरल्यावर आत्महत्येचे विचार मनात आल्याचं एमएमएतल्या रोंडा राउझीने टीव्हीवर सांगितलं होतं, इतकं ते खोल जाऊ शकतं. तसं काही वाटलं तर घरच्यांशी बोल, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन कर. पुढच्या लढतीची वाट बघत बसू नकोस.

एरवी किती वजनावर असतोस, कोणत्या गटात खेळतोस आणि काट्यावर चढल्यापासून लढतीपर्यंत किती तास मिळतात, ते लिही. शेवटच्या आठवड्यात काय करायचं ते त्यावरून ठरवू.