दुकान लेकराचं, हिशोबही लेकराचाच

डिसेंबर लागला की या सदराला येणारी पत्रं बदलतात. जूनमधे दप्तर अन् प्रवेशाचे प्रश्न असतात, आता मात्र सगळे मेळावा, गॅदरिंग, सहल आणि "मग अभ्यास कधी" यावर अडलेत. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत काढली म्हणून या प्रश्नावर माझं मत पक्कं आहे, ते खालच्या उत्तरांत येईलच. या महिन्यात सहा पत्रं घेतलीत, पहिलं जरा लांबलंय कारण तो विषय माझ्या फार जवळचा आहे.

प्रश्न : बाई, माहा पोरगा तिसरीत हाये. जानेवारीत शाळेत बाल आनंद मेळावा हाये, सर म्हनतात पोरायनं सोताच दुकान लावाचं अन् हिशोबबी सोताच कराचा. त्याले वजाबाकी धड येत नाई, हातचा घेताना चुकते. मी बाजूले बसून पैसे घेतले तं चालन का? नाईतं लोकं फसवतीन त्याले. (एक आई, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : ताई, बाजूला बसू नका. समोरून गिऱ्हाईक म्हणून या, दहाची नोट द्या, पाचाची पुडी मागा, पण गल्ल्याला हात लावू नका. मी कितीतरी मेळावे पाहिलेत, अर्ध्या दुकानांवर आईच उभी असते, तळते तीच, विकते तीच, आणि पोरगं तिकडं दुसऱ्याच्या दुकानावर आलूबोंडा खात फिरतं, मग संध्याकाळी घरी सांगतात की आमच्या पोरानं दोनशे रुपये कमावले. ते आईनं कमावले ना.

तुमचं काम मेळाव्याच्या आठ दिवस आधी आहे. त्याला घेऊन किराण्यात जा. समजा मुरमुऱ्याचा चिवडा ठरला, आणि मुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, तेल, मीठ-तिखट, कागद असं मिळून १२० रुपये लागले अन् ३० पुड्या झाल्या. एक पुडी कितीला पडली ते त्यालाच काढू द्या, भागाकार जमत नसेल तर एकशेवीस चिंचोके घेऊन तीस जागी वाटू द्या, वेळ लागेल, लागू द्या. ४ रुपये येतील. ५ ला विकायची म्हटलं तर सगळ्या विकून १५० येतात, म्हणजे ३० नफा. आता त्याला विचारा की बाबू, २४ च विकल्या अन् ६ उरल्या तर काय होईल? चोवीस पंचे एकशेवीस. म्हणजे फक्त खर्च निघाला, सगळा नफा त्या उरलेल्या ६ पुड्यांत अडकलाय! हे लेकराला स्वतःहून उमगतं तेव्हा ते पुन्हा पुन्हा पुड्या मोजतं, मी पाहिलंय, आणि मेळाव्यात शेवटच्या पुड्या विकायला ते जीव तोडून ओरडतं कारण त्याला माहीत असतं आपण कशासाठी ओरडतोय.

अजून एक, शेंगा घरच्या असल्या तरी त्याचे पैसे धरा, बाजारात जो भाव असेल तो. "घरचंच आहे, फुकट" असं म्हणू नका. शेतकऱ्याच्या लेकरानं हे लहानपणीच शिकावं की आपल्या शेतातल्या मालालाही किंमत असते, आणि आईच्या हाताच्या कामालाही.

आता वजाबाकी. किराणावाला सुटे कसे देतो ते त्याला नीट पाहायला सांगा. १३ रुपयांचं सामान, २० ची नोट. तो कागदावर वीसखाली तेरा लिहून हातचा घेत बसत नाही, तो म्हणतो तेरा... चौदा, पंधरा, अन् हे पाच, झाले वीस. दोन आणि पाच, सात परत. ही वजाबाकीच आहे, फक्त खालून वर चढत केलेली. ज्या लेकराला हातच्याची भीती वाटते त्याला ही रीत पटकन जमते, आणि एकदा सुट्या पैशांत जमली की मग तेच सरांना फळ्यावर संख्यारेषा काढून दाखवायला सांगा, तेरापासून पंधरापर्यंत एक उडी, पंधरापासून वीसपर्यंत दुसरी. घरी आठ दिवस रोज संध्याकाळी दुकान-दुकान खेळा, खरी नाणी घेऊन. आणि दुकानावर क्यूआर कोडचा कागद चिकटवू नका, स्कॅन करून पैसे आले की पोराच्या हाती काहीच मोजायला उरत नाही.

फसवतील म्हणता, तर गावातलेच लोक आहेत, पाच-दहा रुपये इकडचे तिकडे होतील. संध्याकाळी हिशोब जुळला नाही की तो कुठं चुकलं ते शोधत बसेल, ते शोधणं पाच रुपयांपेक्षा मोलाचं आहे. वहीत तीनच रकाने पाडून द्या, आणलं किती, विकलं किती, उरलं किती. आणि सरांना माझा निरोप सांगा, दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला सगळ्या दुकानांचे हिशोब फळ्यावर घ्या. मेळाव्याचे फोटो ग्रुपवर टाकून विषय संपवतात ना, तिथं माझा जीव खालीवर होतो, खरा तास तर दुसऱ्या दिवशी असतो.

प्रश्न : मॅडम, नातू दुसरीत आहे. मी ७३ ला त्र्याहत्तर म्हणतो, तो म्हणतो सत्तर तीन. ही काय मराठी झाली का? आम्ही असं कधी शिकलो नाही. (एक आजोबा, ता. अंजनगाव सुर्जी, जि. अमरावती)

उत्तर : काकाजी, रागवू नका, त्याचं चुकत नाहीये. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ही रीत आली, तेव्हा विधानसभेपर्यंत गाजलं होतं. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या मंगला नारळीकर. कारण साधं आहे. त्र्याहत्तर म्हणताना तोंडात आधी तीन येतं मग सत्तर, पण लिहिताना आधी ७ येतो मग ३. म्हणून लहान लेकरं त्र्याहत्तर ऐकून ३७ लिहितात, माझ्या वर्गात दरवर्षी अर्धा वर्ग असं लिहायचा आणि मी सुरुवातीची काही वर्षं त्यांना रागवले, त्याचं मला आज वाईट वाटतं. तेलुगू, कन्नडमधे दशकच आधी बोलतात, आपल्याच गडचिरोलीत सिरोंच्याकडची तेलुगू बोलणारी लेकरं घरी असंच म्हणतात.

पण तुमचं त्र्याहत्तरही त्याला यायलाच पाहिजे, नाहीतर बाजारात भाव समजणार नाही. तेव्हा भांडू नका, खेळा. तुम्ही म्हणा त्र्याहत्तर, त्यानं म्हणायचं सत्तर तीन, मग अंकात लिहायचं. उलटं पण. आणि तुम्हाला निमकी, पावकी, दिडकी (अर्धा, पाव, दीडचे जुने पाढे) पाठ असेल, तुमच्या वयाच्या माणसांना असतेच, तर शाळेत जाऊन बाईंना सांगा की मी एक दिवस म्हणून दाखवतो. २२ डिसेंबरला रामानुजन यांच्या जन्मदिवशी राष्ट्रीय गणित दिवस आहे, त्यासाठी याहून चांगला पाहुणा कोण मिळेल.

प्रश्न : मुलगी चौथीत. वेचणीच्या दिवसात मी सकाळीच निघते, लहान्याला सांभाळायला ती घरी राहते. मॅडम सारख्या निरोप पाठवतात. काय करू? (वणीकडून)

उत्तर : ताई, तुमची अडचण मला समजते, कापूस झाडावर थांबत नाही. पण तीन वर्षांचा झाला असेल तर लहान्याला अंगणवाडीत घाला, तिथं खाऊही मिळतो. त्याहून लहान असेल तर शेजारच्या म्हाताऱ्या बाईला विचारा, पाळी लावा. पोरीला मात्र घरी ठेवू नका. वेचणी दोन-अडीच महिने चालते, चौथीतली पोर तेवढी मागं पडली की पाचवीत बोलेनाशी होते. संध्याकाळी तुमचा कापूस काट्यावर मोजला की किलो अन् मजुरीचा हिशोब तिच्याकडून वहीत लिहून घ्या, एवढी मदत तिनं जरूर करावी.

प्रश्न : आमच्या गावच्या शाळेत दोन शिक्षक, पाच वर्ग. गॅदरिंगची प्रॅक्टिस पूर्ण जानेवारी चालते, दिवसभर गाणी वाजतात. माझी मुलगी चौथीत आहे आणि तिला अजून नीट वाचता येत नाही. बोललो तर शिक्षक नाराज होतात. (एक वडील, ता. चिमूर, जि. चंद्रपूर)

उत्तर : भाऊ, बोलायलाच पाहिजे, पण कुठं आणि कसं ते ठरवून. शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या बाया. ती समिती झेंडावंदनाला खुर्चीवर बसायला नाहीये. शाळेच्या फाटकात उभं राहून वाद घालण्यापेक्षा बैठकीत मांडा की प्रॅक्टिस शेवटच्या दोन तासांत, आणि पंधराच दिवस. शिक्षकांची बाजूही समजून घ्या, साठपर्यंत पट असला की कायद्यानं दोनच शिक्षक मिळतात, त्यांना पाच वर्ग, वर ऑनलाइन माहिती भरणं, केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) क्रीडा स्पर्धा, खिचडीचा हिशोब. गॅदरिंग चांगलं झालं नाही तर गावच नावं ठेवतं, म्हणून ते घाबरून महिनाभर प्रॅक्टिस घेतात, तेव्हा गावानंही भाड्याचे चमकीचे कपडे अन् डीजे याचा हट्ट सोडावा.

गॅदरिंग बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही, जी पोर वर्गात तोंड उघडत नाही ती स्टेजवर उभी राहिलेली मी पाहिली आहे. पण गॅदरिंगमधेच वाचन आणता येतं. निवेदन शिक्षकांनी माइक धरून करू नये, एकेका लेकराला दोन-दोन ओळी द्याव्यात. घरोघरचं निमंत्रण छापून आणू नये, लेकरांनी हातानं लिहावं. नाटुकलं असेल तर संवाद लेकरांनी वाचून पाठ करावे, ऐकून नाही. तुमच्या मुलीला नाच द्या असं न म्हणता दोन ओळींचं निवेदन द्या अशी विनंती करा, आजच करा, म्हणजे महिना मिळेल.

आणि घरी एक गोष्ट तपासा. दुसरीचं मराठीचं पुस्तक आणा, तिनं न पाहिलेला परिच्छेद वाचायला द्या. अक्षरं ओळखते पण जोडाक्षराला अडते, की वाचते पण काय वाचलं ते सांगता येत नाही, हे दोन वेगळे आजार आहेत आणि औषधही वेगळं. पहिल्याला रोज पंधरा मिनिटं मोठ्यानं वाचन लागतं, लग्नाची पत्रिका, बियाण्याचं पाकीट, एसटीची पाटी, काहीही चालतं. दुसऱ्याला वाचून झाल्यावर गप्पा लागतात. निपुण भारत म्हणून २०२१ पासून जे अभियान आहे त्याचा उद्देशच हा, की तिसरी संपेपर्यंत लेकरानं समजून वाचावं आणि साधं गणित करावं. तेव्हा हे मागणं म्हणजे शिक्षकांवर उपकार मागणं नाही, सांगताना मान खाली घालू नका.

प्रश्न : आर्वीहून सहल काढायची आहे. पालक वॉटर पार्क म्हणतात, मला सेवाग्राम वाटतं. लेकरं कंटाळतील का? (एक शिक्षिका)

उत्तर : नुसतं फिरवून आणलं तर कंटाळतील. जायच्या आधी आठवडाभर वर्गात गोष्ट सांगा. या गावाचं जुनं नाव शेगाव, गांधीजी १९३६ ला तिथं राहायला आले, पण त्यांची पत्रं बुलढाण्याच्या शेगावला जायची म्हणून १९४० ला नाव सेवाग्राम केलं. ही गोष्ट लेकरांना फार आवडते, त्यांना पत्र हरवणं समजतं. मग प्रत्येकानं एक प्रश्न लिहून न्यायचा, बापू कुटीच्या भिंती कशाच्या, आतमधे उन्हाळ्यात थंड का वाटतं, आपल्या घराशी काय सारखं. १९३७ च्या ऑक्टोबरमधे वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हातानं काम करत शिकायचं, मातृभाषेत शिकायचं, ही नई तालीम तिथून निघाली. आपल्याच जिल्ह्यातून निघाली, आणि आपणच लेकरांना दाखवत नाही. शालेय सहलीला एसटी अर्ध्या भाड्याची सवलत देते, आगारात आधी अर्ज करा. पालकांना सांगा, येताना पवनारला धाम नदीवर थांबणार आहोत, पाणी तिथंही आहे, फक्त काठावरूनच पाहू द्या.

प्रश्न : बाई, मी धारणी तालुक्यात नवीन लागलोय. पहिली-दुसरीत सगळी लेकरं कोरकू बोलतात, माझ्यासमोर गप्प बसतात. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन घ्यायचाय, कोण बोलणार? (एक शिक्षक)

उत्तर : सर, तुम्ही प्रामाणिकपणे विचारलंत याचा फार आनंद झाला. ती गप्प आहेत म्हणजे त्यांना येत नाही असं नाही, तुमची भाषा त्यांना येत नाही आणि त्यांची तुम्हाला. कोरकू ही मराठीची बोली नाही, ते कूळच वेगळं, मुंडा भाषांचं. गोंडी अजून तिसऱ्या कुळातली, द्राविडी. म्हणजे वऱ्हाडी लेकराला पुस्तकी मराठी शिकवणं वेगळं आणि या लेकराला शिकवणं वेगळं, त्याच्यासाठी आपली मराठी जवळजवळ परकी भाषा आहे.

तेव्हा आधी तुम्ही शिका. रोज लेकरांना पाच शब्द विचारा, पाणी, झाड, बैल, भूक, आई, तुमचा उच्चार चुकला की ती हसतील, आणि तिथंच गप्पपणा सुटेल. भिंतीवर चित्र लावा, खाली दोन्ही शब्द देवनागरीत. हजेरी मराठीत घ्या पण गोष्ट आधी कोरकूत होऊ द्या, गावातली एखादी आजी बोलवा, तिनं सांगितलेली गोष्ट मोठी लेकरं तुम्हाला मोडक्यातोडक्या मराठीत सांगतील, ती तुम्ही फळ्यावर त्यांच्याच शब्दांत लिहा, दुरुस्त करायची घाई नको. तोच तुमचा वाचनपाठ. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा असंच म्हटलंय.

फेब्रुवारीला अजून वेळ आहे. तोवर अशा दहा-बारा गोष्टी जमल्या तर त्याची हातानं शिवलेली वही करा, एका पानावर कोरकू, समोरच्या पानावर मराठी. २७ तारखेला भाषण ठेवू नका. आजीला पुढं बसवा, एका लेकरानं कोरकू पान वाचायचं, दुसऱ्यानं मराठी, आणि आजीनं सांगायचं बरोबर वाचलं की नाही.